सायकल, शाळेची वाट व आपला शेजारी



आपल्या शाळेच्या आवारात सायकली ठेवण्याची पत्र्याची शेड आहे. जुने विद्यार्थी भेटावयास येतात तेव्हा तिच्याकडे पाहून हटकून सांगतात की, त्यांच्या वेळी उशिरा येणाऱ्यास तेथे जागा मिळत नसे व त्यास आपली सायकल बाहेरच्या चिंचेच्या बुंध्यास टेकवून ठेवावी लागे. आज पहिली घंटा झाल्यावर कोणी त्या शेडपाशी उभे राहून पाहावे. निम्म्याहून अधिक जागा रिकामी दिसेल. त्याच वेळी फाटकाबाहेर पाहावे, तर मोटारी, स्कूटरी व रिक्षा यांची अशी दाटी झालेली असते की, पायी येणाऱ्या मुलास आत शिरावयास वाट उरत नाही. शेड रिकामी का झाली आणि फाटक का तुंबले, हे दोन प्रश्न निरनिराळे नसून वस्तुतः एकच आहेत. व त्याविषयी या वार्षिकाच्या द्वारे मला चार शब्द स्पष्टपणे सांगावयाचे आहेत.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून सर्वत्र ओळखले जात असे. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याची पाळी सुटली म्हणजे सायकलींचा लोंढा रस्ता व्यापून टाकी. कारकून, गवंडी, दूधवाले, शिक्षक, महाविद्यालयांतील प्राध्यापक, सारे याच वाहनावर बसत. रात्री सायकलीस दिवा नसला किंवा मागे कोणास बसवून डबलसीट नेले, तर पोलीस अडवीत, हे आजोबामंडळी अद्याप हसत हसत सांगतात. पुढे शहर चहूकडे पसरले, अंतरे वाढली, बसगाडीची वाट पाहून लोक कंटाळले व हाती थोडा पैसाही आला. तेव्हा कोणी स्कूटर घेतली, कोणी मोटार घेतली, यात त्यांचा मोठासा अपराध झाला असे मी म्हणत नाही. परंतु ज्यांचे घर शाळेपासून दोन-तीन किलोमीटरांच्या आत आहे, अशांची धडधाकट मुलेही मोटारीतून उतरताना पाहिली म्हणजे मनास प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

पालकांस विचारावे, तर उत्तर ठरलेले असते. "सर, रस्ता पाहता ना तुम्ही रोज? त्यावर मुलाला सायकलवर सोडायचे कसे?" हे उत्तर खोटे नाही. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, असे सरकारी अहवालात नमूद आहे. दिवसाची सरासरी काढली तर ती साडेचारशेंहून अधिक भरते. हा आकडा ज्यांस ठाऊक आहे त्या आईबापांनी भिऊ नये, असे कोण म्हणेल? भीती रास्तच आहे. तिच्यावर आपण योजलेला उपाय मात्र चुकीचा आहे, असे माझे नम्र मत आहे. आपले मूल सुखरूप राहावे म्हणून आपण त्यास मोटारीत बसवतो, आणि त्या मोटारीने तोच रस्ता शेजाऱ्याच्या मुलास आणखी धोक्याचा करून ठेवतो. मग शेजारीही भितो व तोही आपली मोटार बाहेर काढतो. अशा रीतीने प्रत्येक जण आपल्या लेकराच्या मायेपोटी सर्वांच्या लेकरांची वाट बिकट करीत असतो.

हे मी केवळ तर्काने सांगत नाही. माझे घर खडकीस असून शाळा तेथून सुमारे सात किलोमीटर आहे, व गेली अठरा वर्षे मी सायकलवरूनच येतो. दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यातील एका पावसाळी सकाळी मी फाटकाच्या शंभर पावले अलीकडे आलो असता, कडेस उभ्या असलेल्या एका मोटारीचे उजवे दार एकाएकी उघडले. दाराची कड हँडलास लागली व मी भर रस्त्यावर आडवा झालो. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने वेळीच ब्रेक दाबला, म्हणूनच हा लेख लिहावयास मी उरलो. दार उघडणारे गृहस्थ काही दुष्ट नव्हते. त्यांनीच मला हात देऊन उठवले, चिखल पुसला, आणि खऱ्या कळवळ्याने ते पुन्हा पुन्हा म्हणाले, "सर, तुम्ही दिसलाच नाहीत हो." त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. मागच्या आसनावर बसून तो भेदरलेल्या डोळ्यांनी आम्हां दोघांकडे पाहत होता.

त्या क्षणी मला राग आला, हे मी लपवीत नाही. परंतु मनगटास पट्टी बांधून घरी बसलो असता त्या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला. मी त्यांना दिसलो नाही, कारण त्यांना मुलास वेळेवर उतरवून पुढे कचेरी गाठावयाची होती. आणि मी तरी त्या दाराच्या इतका निकट का होतो? पहिली घंटा व्हावयास चार मिनिटे उरली होती, व कोंडलेल्या वाहनांमधून फट सापडेल तेथून मी पुढे घुसत होतो. दोघांच्याही मनात दुसऱ्यास जागा नव्हती. घाईने ती सारी व्यापली होती. म्हणून रस्त्यावरील सुरक्षिततेचा पहिला धडा मी त्या दिवसापासून असा मानतो की, घरातून वेळेवर निघावे. सात किलोमीटरांस ताशी पंधरा किलोमीटरांच्या गतीने अठ्ठावीस मिनिटे लागतात. पूर्वी मी तीस मिनिटे हाती ठेवून निघत असे. आता पंचेचाळीस मिनिटे ठेवतो. या पंधरा मिनिटांनी माझ्या प्रवासातील चीड, धाप व धडधड जितकी कमी केली, तितकी दुसऱ्या कोणत्याही युक्तीने केली नाही.

दुसरी गोष्ट वाटेची. पूर्वी मी जवळचा म्हणून मुंबई-पुण्याचा जुना हमरस्ता धरून वाकडेवाडीवरून येत असे. आता शक्य तेथे छावणीतील झाडांखालचे आतले रस्ते धरतो. त्यामुळे एक किलोमीटर वाढतो, म्हणजे चार मिनिटे अधिक जातात; पण त्या रस्त्यांवर बस व मालमोटारी क्वचितच भेटतात. विद्यार्थ्यांनी हे अवश्य करावे. सुटीच्या दिवशी वडील मंडळींपैकी कोणास बरोबर घेऊन घर ते शाळा अशी दोन-तीन निरनिराळ्या वाटांनी फेरी करावी, कोणता चौक अवघड आहे, कोठे रस्ता उखडला आहे, कोठे सायकलवरून उतरून पायी ओलांडणे बरे, हे पाहून ठेवावे व मग आपली वाट ठरवावी. मोटारीस जवळची असलेली वाट सायकलीसही उत्तम असते, असे मुळीच नाही.

तिसरी गोष्ट अशी की, आपण इतरांस दिसले पाहिजे, व आपण पुढे काय करणार हे त्यांस कळलेही पाहिजे. पुढे पांढरा दिवा, मागे तांबडा दिवा व तांबडा परावर्तक, अंगात फिकट किंवा झळझळीत रंगाचा कपडा, आणि पावसाळ्यात काळ्याऐवजी पिवळा रेनकोट, एवढ्या साहित्यास फार पैसे लागत नाहीत. वळण्यापूर्वी मागे पाहावे, हात लांब करून खूण करावी, मगच वळावे. नागमोडी चालवू नये. सायकल हेही वाहनच असल्यामुळे एकेरी वाट व तांबडा दिवा यांचे नियम तिलाही लागू आहेत. उलट दिशेने येणाऱ्या सायकलस्वाराकडे चालकाची दृष्टी जातच नाही, कारण तेथे कोणी असावे अशी त्याची अपेक्षा नसते. कडेस उभ्या मोटारींपासून एका दाराच्या रुंदीचे, म्हणजे सुमारे एक मीटरभर अंतर नेहमी राखावे. हा नियम मी किती किंमत देऊन शिकलो, ते वर सांगितलेच आहे.

बस किंवा मालमोटार यांच्या डाव्या अंगास चौकात कधीही उभे राहू नये. लांब वाहन डावीकडे वळते तेव्हा त्याची मागील चाके पुढील चाकांच्या मार्गाने न जाता आतल्या बाजूने कापीत जातात, आणि उंच आसनावर बसलेल्या चालकास त्या कोपऱ्यातील सायकल दिसत नाही. अशा वाहनाच्या मागे थांबावे. दोन मिनिटे गेली तर जाऊ द्यावीत. पावसात ब्रेकचे रबर व चाकाची कड ओली झाली म्हणजे सायकल नेहमीपेक्षा बरीच पुढे जाऊन थांबते, तेव्हा गती आधीच कमी करावी. गटाराच्या जाळ्या व लोखंडी झाकणे यांवर वळू नये. दप्तर हँडलास न अडकवता पाठीवर घ्यावे किंवा कॅरिअरला घट्ट बांधावे. ओढणीची टोके व पाटलोणीची कड चाकात किंवा चेनमध्ये जाणार नाही, असे पाहावे. डोक्यावर हेल्मेट असावे. आणि कानांत गाणी वाजवीत तर कधीच जाऊ नये, कारण मागून काय येत आहे हे सायकलस्वारास प्रथम कानच सांगतात.

सायकल सुस्थितीत असणे हे सांगावयास नकोच. तथापि शेडमधील सायकली मी फावल्या वेळी पाहतो, त्यावरून सांगितलेले बरे असे दिसते. कोणाच्या चाकांत हवा नाही, कोणाचा मागचा ब्रेक नावापुरता आहे, कोणाची घंटी वाजत नाही, कोणाची सीट इतकी उंच आहे की थांबताना पाय भुईस टेकत नाही. रविवारी अर्धा तास घालवून हवा भरावी, ब्रेकचे रबर झिजले असल्यास बदलावे, चेनला तेल द्यावे. ज्यास आपल्या वाहनाचा भरवसा असतो त्याची निम्मी भीती जागच्या जागीच विरते.

हे झाले सायकलस्वाराचे कर्तव्य. पण त्याने कितीही सावधगिरी बाळगली, तरी त्याचे प्राण पुष्कळ अंशी मोटार चालविणाऱ्याच्या हाती असतात. येथे विद्यार्थ्यांनी आपले गणित उपयोगात आणावे. ताशी 30 किलोमीटरांनी जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे 8.3 मीटर जाते. ताशी 50 किलोमीटरांनी जाणारी सुमारे 13.9 मीटर. संकट दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो असे धरू. समजा, 15 मीटरांवर एखादे मूल सायकलवरून आडवे आले. रस्ता कोरडा व ब्रेक उत्तम असल्यास पहिली मोटार मुलाच्या अलीकडे थांबू शकते. दुसरीचा ब्रेक जेमतेम लागू होतो न होतो तोच ती जवळजवळ पूर्ण वेगाने मुलावर जाऊन आदळते. शिवाय गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग पावणेदोन पटीहून किंचित कमी, पण आघातातील ऊर्जा पावणेतीन पटीहून थोडी अधिक. आणि शाळेजवळच्या अर्ध्या किलोमीटरात इतका वेग ठेवून वाचते काय? ताशी 30 ने एक मिनिट लागते, ताशी 50 ने छत्तीस सेकंद. चोवीस सेकंदांच्या बचतीसाठी आपण कोणाचे मूल पणास लावतो, याचा प्रत्येकाने विचार करावा.

म्हणून पालकांस माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, ज्यांस मोटार आणणे खरोखर भागच आहे त्यांनी ती फाटकापर्यंत न आणता तीनचारशे पावले अलीकडे मुलास उतरवावे. तेवढे चालल्याने कोणाचे काही बिघडत नाही, आणि फाटकापाशी पायी व सायकलवर येणाऱ्यांस वाट मोकळी राहते. दुसरी, दार उघडण्यापूर्वी आरशात व मागे पाहावे. दाराच्या लगतच्या हाताने दार न उघडता पलीकडच्या हाताने उघडण्याची सवय लावली, तर शरीर आपोआप वळते व दृष्टी मागे जाते. माझ्या अपघातातील त्या गृहस्थांनी ही सवय लावून घेतली असून ते ती इतरांसही शिकवितात. तिसरी, अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाच्या हाती स्कूटर देऊ नये. 2019 साली मोटार वाहन कायद्यात घातलेल्या कलम 199 अ प्रमाणे अशा मुलाकडून गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनाचा मालक यास 25,000 रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परंतु कायद्याच्या भीतीने नव्हे, तर मुलाच्या प्रेमाने हे टाळावे. सायकलवर रस्ता वाचावयास शिकलेला मुलगा पुढे मोटारही विवेकाने चालवील.

विद्यार्थ्यांसही एक सूचना आहे. एकट्यादुकट्याने येण्याऐवजी एका पेठेतील किंवा वसाहतीतील चार-सहा जणांनी ठराविक वेळी, ठराविक ठिकाणी जमून एकामागून एक रांगेने यावे. मोठ्याने पुढे व मागे असावे, लहानांनी मध्ये. एक सायकल चालकाच्या नजरेतून निसटते, सहा निसटत नाहीत. प्रथम काही दिवस आळीपाळीने एखाद्या पालकाने सोबत केली तर फारच उत्तम. माझ्या वाटेवरील मुलांस मी स्वतः बरोबर घेण्यास तयार आहे.

यावर कोणी म्हणेल, "हे सारे ठीक, पण रस्तेच वाईट, त्याचे काय?" आक्षेप खरा आहे. आपल्या महानगरपालिकेने 2017 साली सायकलींसाठी सविस्तर आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली चौकाचौकांत उभ्या राहिल्या आणि थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या. काही हमरस्त्यांच्या कडेने सायकलमार्ग बांधले गेले. पण कोठे त्यांवर मोटारी उभ्या असतात, कोठे हातगाड्या, कोठे ते मध्येच संपतात. ते मोकळे व सलग करून मागणे हा आपला हक्क आहे. मात्र मागणारे कोण, हा प्रश्न उरतो. सायकलवर बसणारेच राहिले नाहीत, तर सायकलमार्ग कोणासाठी मागावयाचे?

हॉलंड देशाचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते, व तेथील लोक जन्मतःच सायकलप्रिय असावेत असे आपण समजतो. वस्तुस्थिती तशी नाही. मोटारी वाढल्या तसे तेथेही सायकलींचे प्रमाण झपाट्याने घसरले होते, आणि 1971 साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे मेली. त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. अशा अपघातात आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने 1972 साली लेख लिहून हा बालसंहार थांबवा, अशी हाक दिली. आईबापांनी संघटना केली, मुलांसह रस्त्यांवर बसून ते अडवले, सरकारच्या दारी धरणे धरले. पुढल्याच वर्षी तेलाची टंचाई आल्याने सरकारला मोटारबंदीचे रविवार पाळावे लागले व मोटारीवाचून रस्ता कसा दिसतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. तेथून तेथील धोरण हळूहळू बदलत गेले. तो बदल स्वभावाने घडवला नाही, पालकांनी घडवला. आपल्या मुलापुरता मार्ग न काढता सर्वांच्या मुलांसाठी मार्ग मागितला, म्हणून तो मिळाला.

शेवटी एका जुन्या कथेची आठवण देतो. यरुशलेमेहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर घायाळ होऊन पडलेल्या प्रवाशाची व त्यास उचलणाऱ्या शोमरोन्याची कथा आपण प्रार्थनेच्या वेळी पुष्कळदा ऐकली आहे. ती कथा रस्त्यावरची आहे, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. याजक व लेवी हेही त्याच वाटेने गेले. त्यांनी त्या मनुष्यास मारले नव्हते, फक्त ते बाजूने निघून गेले. आपल्या देशाच्या कायद्यानेही आता त्या शोमरोन्याची दखल घेतली आहे. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने, व 2019 साली कलम 134 अ घालून संसदेने, अपघातात सद्भावनेने साह्य करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्यास आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. सबब, कोणी पडलेला दिसल्यास पोलिसांचे लचांड मागे लागेल या भयाने पुढे जाऊ नका. 108 किंवा 112 या क्रमांकावर खबर द्या आणि त्याच्याजवळ थांबा.

परंतु पडलेल्यास उचलणे ही शेजारधर्माची दुसरी पायरी झाली. त्यास पाडू नये, ही पहिली. ज्या शास्त्र्याच्या प्रश्नावरून ती कथा सांगितली गेली, त्याने आपला शेजारी कोण असे विचारले होते. तुमच्या मोटारीच्या डाव्या आरशात एक लहानशी सायकल दिसत आहे. तिच्यावर कोण बसले आहे हे तुम्हांस ठाऊक नाही. दप्तर पाठीस लावून तो पावसातून शाळेस निघाला आहे, एवढेच दिसते. त्या प्रश्नाचे उत्तर तोच आहे. त्यास दोन हात जागा द्या.

येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा आपली पत्र्याची शेड थोडी अधिक भरलेली पाहावी, अशी माझी इच्छा आहे. ती पुरेनाशी झाली आणि कोणास आपली सायकल पुन्हा चिंचेस टेकवावी लागली, तर त्याबद्दल मी कोणासही उशिराची शिक्षा करणार नाही.